वेशीवरचा सीन

उधना, सुरत
सोमवार, ३ मार्च १९९७

चि. ललित,

तुला आणि पल्लवीला आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, पण दवाखान्याचं नाव काढलं की तिला लगेच बरं वाटतं. सोनाली बारावीला बसतेय. पोरगी मैत्रिणींशी गुजरातीत बोलते, माझ्याशी हिंदीत भांडते आणि आईजवळ अहिराणीत रडते. एकूण अभ्यास चालू आहे.

तुझं पत्र पोचलं. सोबतचं निमंत्रण इतकं जाड की पोस्टमन सुकलाल विचारतो, "बोरसेभाऊ, लग्न कोणाचं?" मी म्हटलं, "लग्न नाही, सत्कार. लग्नात निदान जेवण तरी खरं असतं."

तुझ्या सिनेमाला उत्कृष्ट कथेचं बक्षीस मिळालं, अभिनंदन. मोठा भाऊ आहे, तेवढं म्हणायला हवं. तू लिहितोस, 'दादा, १६ तारखेला पुण्याला ये, तुला मंचावर बोलवायचंय, प्लेगमधून गेलेला खरा माणूस म्हणून.' वा. म्हणजे बक्षीस घेताना शेजारी उभं करायला तुला मी पाहिजे.

पुरस्कारांबद्दल माझं मत तू विचारलेलं नाहीस, तरी ऐक. बावीस वर्षं मी थेटरात मशीन चालवतोय. तुमचे परीक्षक सिनेमा एकदा बघतात, तोही चहा पीत. मी एकेक सिनेमा शंभर वेळा बघतो आणि त्या वीतभर खिडकीतून खालचं पब्लिकही बघतो. लोक कुठे खोकतात, कुठे बिडी प्यायला उठतात, मला तोंडपाठ असतं. ज्या सीनला अर्धं थेटर बाहेर जातं, नेमकं त्यालाच पुढे बक्षीस मिळतं. टीव्हीवर तर दरवर्षी तोच तमाशा. नट हातात बाहुली धरून रडतो, आईचे आभार मानतो, आणि पहिल्या रांगेत आई दागिने सावरत डोळे पुसते. एकाने रडून दाखवायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि सगळ्यांनी घरी जाऊन एकमेकांना शिव्या द्यायच्या. यापेक्षा आमच्या पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंगवाल्यांची दिवाळी बरी. तिथे शेठ फरसाणाचा पुडा देतो आणि रडत नाही.

तुझा सिनेमा मी बघितला. बघितला म्हणजे चालवला. तुला मंडळाने कळवलंच असेल. इथल्या खानदेशी मंडळाने काल रविवारी सकाळचा शो ठेवला होता, आमच्याच थेटरात. भिकन मिस्तरी महिनाभर मागे लागला होता, "तुझ्या भावाचा सिनेमा, तूच चालव." मी म्हटलं, दुसरं कोण चालवणार, तुझा बाप? खाली लूमवाले, डाइंगवाले, त्यांच्या बायका, पोरं, हाऊसफुल. बायकांनी डब्यात शेव-मुरमुरे आणलेले.

त्या सिनेमात तू सरकारी बंदोबस्ताला नावं ठेवली आहेस, ते मला पटलं. तिथे माझं आणि तुझं एकमत. चौऱ्याण्णवच्या त्या प्लेगच्या आठवड्यात जे चाललं होतं त्याला बंदोबस्त म्हणणं म्हणजे बंदोबस्ताची चेष्टा. पहिल्या दिवशी आमच्या थेटराला टाळं लावलं आणि दारावर नोटीस डकवली, 'जाहेर हितमां बंध', म्हणजे जनहितासाठी बंद. त्या नोटिशीच्या बरोबर खाली गटार तुंबलेलं, त्यात मेलेलं डुक्कर. नोटीस डकवणाऱ्याने पाय उचलून ते ओलांडलं आणि पुढच्या दाराकडे गेला. दारूबंदीच्या या राज्यात आमच्या मागच्या गल्लीतला अड्डा मात्र एक दिवस बंद नव्हता. तिथे बहुतेक जनहित होत नसावं. शेठलोक पहिल्या दिवशी मोटारी भरून निघून गेले, आणि ते गेल्यावर कोणाला तरी सुचलं की आता लोकांना अडवायला हवं. मग अडवलं कोणाला, तर डोक्यावर गाठोडं असलेल्यांना. स्टेशनवर पांढरी पावडर मारत होते. रोग उंदराचा आणि पावडर माझ्या वळकटीवर. ज्याच्या त्याच्या तोंडाला रुमाल. त्याच रुमालाने घाम पुसायचा, तंबाखूचे हात पुसायचे, परत तोंडाला बांधायचा. प्लेग बघून हसत असेल.

आणि गावं! सुरतेचा पैसा मनिऑर्डरीने आला की पोस्टमनची वाट बघणारी ती गावं. सुरतेचा माणूस आला म्हटल्यावर वाटेत बैलगाड्या आडव्या लावल्या.

त्या गाड्यांपाशी तुझा सीन येतो.

तुझ्या सिनेमात धाकटा भाऊ गावातला मास्तर आहे. सुरतेहून थोरला येतो, बायको, मुलगी आणि म्हातारी आई घेऊन. गाव अडवतं. मास्तर तोंडावरचा रुमाल काढून फेकतो, बैलगाडी एकटा बाजूला ढकलतो आणि आईला मिठी मारतो. मागे सनई. गाव खाली मान घालतं.

ललित, तिथे माझा हात शटरवर गेला. थोडी दांडी ओढली की पडदा काळा. बावीस वर्षांत मी पब्लिकचा एक सीन खाल्लेला नाही. ओढली नाही. पण तुझ्या त्या मास्तरावर मी मशीनखोलीत एकटा थुंकलो, हे तुला कळायला हवं. आज सकाळी झाडूवालीने विचारलं, तर पान होतं म्हटलं.

तुझ्यासारख्या माणसाच्या शेजारी मी मंचावर उभा राहणार नाही. सिनेमाच्या शेवटी 'आईच्या स्मृतीस' असं लिहिलंयस. तुला लाज कशी वाटली नाही?

एवढं लिहून थांबतो. शोची वेळ झाली.

मंगळवार, ४ मार्च

काल पत्र टाकणार होतो. पाकीट चिकटवलंसुद्धा. सकाळी फोडलं. तुझी वहिनी बघत होती. म्हणाली, "आणखी शिव्या राहिल्या का?" मी म्हटलं, "हो, थोड्या." ती खूश झाली. तुझं नाव निघालं की ती खोलीतून उठून जाते, तुला माहीत आहे. दोन दिवाळ्या तुझी साडी तिने न उघडता शेजारणीला दिली. तिचं म्हणणं एकच, लल्याने सासूबाईंना मारलं. अडीच वर्षं ती हे म्हणते आणि अडीच वर्षं मी ऐकून घेतो.

आता काल जे लिहिलं नाही ते लिहितो.

आईचा ताप गुरुवारीच सुरू झाला होता. शनिवारी सकाळी मी तिला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. सगळे पळाले, तो म्हातारा मात्र रोज दवाखाना उघडून बसायचा. तोंडाला साधा मलमलीचा कपडा. त्याने आईच्या काखा तपासल्या, छाती ऐकली, रक्त घेतलं, मला दोन तास बसवलं. मग म्हणाला, "योगराजभाई, आ प्लेग नथी. मलेरिया छे." मी म्हटलं, नक्की? म्हणाला, नक्की. आईला इथे खाटेवर ठेव, तीन दिवस बाटल्या लावतो, उठून बसेल. आणि बोट दाखवून म्हणाला, "पण क्यांय लई जता नहीं, कुठे नेऊ नका. प्रवास यांना झेपायचा नाही."

मी मान हलवली. बाहेर आलो. समोरून एक टेम्पो गेला, त्यात माणसं अशी कोंबलेली की एकाचा पाय बाहेर लोंबत होता. भिकनच्या खोलीला कुलूप. शेजारच्या किसनच्या खोलीला कुलूप. अख्ख्या चाळीत नळ चालू आणि भरायला कोणी नाही. ललित, मी घाबरलो. आईसाठी नाही, ते जर लिहिलं तर हेही पत्र तुझ्या सिनेमासारखं होईल. मी स्वतःसाठी घाबरलो. डॉक्टर चुकला असेल तर? तीन दिवस तिच्या खाटेशी बसायचं आणि मग मलाच झालं तर?

घरी येऊन तुझ्या वहिनीला, मालतीला सांगितलं, "डॉक्टर म्हणतात गावाला न्या, हवा बदलली की बरं वाटेल." तिने विश्वास ठेवला. अजून ठेवते. आई तेवढी म्हणाली, "माले कोठेच जानं नही." दोनदा म्हणाली. मी तिला उचलून रिक्षात बसवलं.

गाडीत तिला मांडी घालायला जागा नव्हती. दोंडाईच्यापर्यंत सोनालीच्या अंगावर रेलून आली. तिथून जीप, मग पायी. वेशीच्या अलीकडे मी तिला गाठोड्यावर बसवलं, शाल पांघरली आणि सांगितलं, सरळ बस, कण्हू नकोस. मालतीलाही बजावलं की तापाचं कोणापुढे बोलायचं नाही.

गाड्या लावून उभ्या असलेल्या गावकऱ्यांमधून तू पुढे आलास. तोंडाला मफलर गुंडाळलेला, हातात काठी. तुला आठवत असेल तू काय विचारलंस. तू म्हणालास, "दादा, कोणाला ताप आहे का? असेल तर खरं सांग. आरोग्य केंद्राची गाडी बोलावतो, तासाभरात येईल."

मी म्हटलं, "कोणाला काही नाही."

तू मालतीकडे बघितलंस. तीही म्हणाली, नाही. मग तू म्हणालास, "तर मग सात दिवस बाबुराव काकांच्या मळ्यातल्या गोठ्यात राहा. झाडून घेतलाय, खाटा टाकल्यात. भाकरी, पाणी मी रोज आणून ठेवतो. आठव्या दिवशी घरी."

तुझ्या सिनेमात हा गोठा नाही. का गाळलास? सांगायला साधा होता म्हणून? की तुलाही तो कमी वाटला? मला तर तेव्हा फार कमी वाटला. मी ओरडलो, "आम्ही काय जनावरं आहोत? सख्ख्या आईला गोठ्यात घालतोस?" अख्खं गाव ऐकत होतं आणि त्यांनी ऐकावं हेच मला हवं होतं. आई गाठोड्यावर बसून तुझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "लल्या, तोंड दखाड रे." तू मफलर काढला नाहीस. वीस पावलं अंतर होतं, वारा उलटा होता, काढला असतास तर काही झालं नसतं. तेवढं तुझ्या पदरी राहू दे. बाकीचं माझ्या.

मी त्यांना परत फिरवलं. रागात फिरवलं. माणूस रागात असला की घाबरलेला दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

सुरतेकडे येणाऱ्या गाडीत कोणी नव्हतं. अख्खा डबा रिकामा. आईला सबंध बाक मिळाला, ऐसपैस. नवापूर गेलं तेव्हा तिने पाणी मागितलं. नंतर विचारलं, "लल्या उना का रे?" मी म्हटलं, येतोय मागच्या डब्यातून. व्यारा यायच्या आत ती गेली. रविवारी दुपारचे तीन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, सोनालीच्या मांडीवर तिचं डोकं होतं. मी तुला लिहिलं की ती आठवड्याने दवाखान्यात वारली. दुसरं लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस की ती आजारी होती, तर आणलीस का. मालतीला सांगितलं, ललितला आता कशाला कळवायचं, त्याला कुठे पडलंय. म्हणून तिच्या लेखी तू दोनदा दोषी, एकदा आईला अडवलंस म्हणून आणि एकदा तिची पर्वा केली नाहीस म्हणून.

डॉक्टर अजून तिथेच बसतात. मी गल्लीच्या त्या टोकाने जात नाही. थेटरात जायला लांबचा फेरा घेतो, लोकांना वाटतं व्यायाम करतो.

आता परवाच्या शोचं, जे काल सांगितलं नाही. तुझ्या सीनला मी थुंकत होतो तेव्हा खाली कोणीही खोकत नव्हतं. कोणी उठलं नाही. मी खिडकीतून बघितलं. पुढच्या रांगेत भिकनची बायको पदर तोंडात कोंबून बसली होती. तिलाही तिच्या गावाने परत पाठवलं होतं, कडेवर मूल घेऊन. मला सगळं थेटर दिसत होतं, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना मी ओळखतो. कोणासाठी कोणी गाडी ढकलली नव्हती. ते सगळे तो खोटा सीन असा बघत होते की जणू आता त्यांच्यासाठीच गाडी बाजूला होते आहे. शो सुटल्यावर भिकन वर आला, माझा हात धरला आणि म्हणाला, "तुझा भाऊ मोठा माणूस आहे." मी म्हटलं, "आहे." का म्हटलं, माहीत नाही.

तुझ्या बक्षिसाबद्दलचं मत मी बदलत नाही. मफलर न काढणाऱ्याने मिठीचा सीन लिहिला आणि ती वेस न पाहिलेल्यांनी त्याला बक्षीस दिलं. पण मी ज्या नजरेने तुझ्याकडे बघत होतो, ती नजर मला कोणी दिली होती? माझ्याच खोट्याने. सगळ्यात खोटा सीन गेली अडीच वर्षं मी माझ्या घरात चालवतोय, रोज, एकाच बाईसमोर.

आज जेवण झालं की मालतीला हे पत्र वाचून दाखवणार आहे. डॉक्टर काय म्हणाले होते तेही. ती काय करेल सांगता येत नाही. कदाचित तुझ्याऐवजी माझं नाव निघालं की उठून जाईल, आणि मी तर तिच्याच खोलीत राहतो. पण तिच्या हातानेच हे टपालात जावं असं मला वाटतं. तुला पत्र पोचलं तर समज तिने टाकलं.

पुण्याला मी येणार नाही. मंचावर आईचं नाव घेशील तर घे, तुझीही आई होती. फक्त रडू नकोस. आणि कोणी विचारलंच की ती कशाने गेली, तर प्लेगने म्हणू नकोस. ती मलेरियाने गेली, जो बरा झाला असता.

तुझ्याहून जास्त भ्यालेला,
तुझा दादा,
योगराज