रत्नमाला आत्याचा इंटरेस्ट

कन्नड
६ जानेवारी २०२५

चि. प्रेरणास, आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नको, सगळं ठीक आहे. फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाय, आणि व्हाट्सॅपवर माझं बोट भलत्याच माणसाला फोटो पाठवतं. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

इथं वाचनालयात मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग निघालाय. मी नाव घातलं. साठी उलटल्यावर हे काय खूळ, असं लोक म्हणतात, म्हणू दे. तू शाळेत इंग्रजी शिकवतेस, म्हणून तुला विचारते. इंटरेस्ट म्हणजे नेमकं काय? बँकेच्या पासबुकात व्याज जमा झालं की तोच शब्द छापून येतो. वर्गाच्या बाई सांगतात, इंटरेस्ट म्हणजे रस. आणि शेजारच्या भामाबाई परवा म्हणाल्या, काकासाहेब तुमच्यात लई इंटरेस्ट घेतेत. आता इथं व्याज धरू का रस?

काकासाहेब वर्गात माझ्या मागच्या बाकावर बसतात. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. बायको वारली, मुली सासरी. जन्मभर गाडीत ओरडून आवाज असा झालाय, की कानातलं मशीन न लावता मला त्यांचं सगळं ऐकू येतं. बाई शिकवतात ते मागून पुन्हा म्हणतात, म्हणून माझा धडा सुटत नाय. माझ्या चष्म्याची काडी निखळली, तीही त्यांनीच बसवून दिली.

आईनं एकटं राहू नये म्हणून विश्वजीत मात्र हट्टाला पेटलाय. घराला कुलूप लावून वाळूजला त्याच्याकडं राहायला यावं, त्यातच माझं हित आहे, म्हणतो.

लवकर लिही. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी आत्या,
रत्नमाला

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
१३ जानेवारी २०२५

ती. आत्यास, प्रेरणाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आईलासुद्धा वाचून दाखवलं नाही, यावरून काय ते समज.

इंग्रजांनी इथं फारच कंजुषी केलीय. आपल्याकडं व्याज वेगळं, रस वेगळा, हित वेगळं, घरादारातला हक्कही वेगळा. त्यांनी हे सगळं एकाच शब्दात कोंबलं. त्यामुळं विश्वजीतदादा म्हणतो तोही इंटरेस्ट, भामाबाई म्हणतात तोही. कुठं कोणता अर्थ घ्यायचा, हे आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरतं.

म्हणून तुझ्या पत्रातली आजूबाजूची वाक्यं पाहिली. पासबुकावर एक ओळ, लेकावर दोन, आणि काकासाहेबांवर अख्खा परिच्छेद! आता मास्तरीण म्हणून नाही, भाची म्हणून विचारते. त्यांना आहे तो राहू दे, तुला आहे का? असला तरी मी तुझ्या बाजूनं, नसला तरी तुझ्याच.

उद्या संक्रांत. तिळगूळ घे, आणि गोड नको, खरं बोल.

तुझीच,
प्रेरणा

कन्नड
२७ जानेवारी २०२५

चि. प्रेरणास, अनेक आशीर्वाद.

खरं विचारलंस, तर आहे. आणि त्यांनी मला विचारलंय.

कुठं विचारलं असेल? भर आठवडी बाजारात. मी मेथी निवडत होते. ते जवळ आले आणि त्यांच्या समजुतीनं हळूच म्हणाले, की उरलेले दिवस एकत्र काढू, रीतसर नोंदणी करू. त्यांचं हळूच म्हणजे ठाऊकच आहे. मिरचीवाली, तराजूवाला, समदे माना वळवून बघायला लागले. मी म्हटलं, विचार करून सांगते, आणि मेथी तिथंच विसरून घरी आले. दार लावून इतकी हसले, की डोळ्यांतून पाणी आलं.

बातमी माझ्याआधी वाळूजला पोचली. रविवारी विश्वजीत आला तो तणतणतच. म्हणाला, त्या माणसाचा इंटरेस्ट तुझ्यात नाय, घरात आहे. मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी काकासाहेबांना सरळ विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, हवं तर आधी घर लेकाच्या नावावर करा, मग माझ्याशी बोला. मी म्हटलं, घर माझं आहे, मी कुणाच्याच नावावर करणार नाय. तुम्हीच इथं राहायला या. हे विचार न करताच तोंडातून गेलं, पण गेल्यावर बरं वाटलं. ठेवीच्या व्याजावर माझं नीट चालतं, प्रेरणा. कुणाच्या आधाराला जायचं म्हणून मी हो म्हणत नाय.

परवा वर्गात बाईंनी वाक्य करायला सांगितलं. मी म्हटलं, आय हॅव इंटरेस्ट. त्यांनी विचारलं, कशात? मी म्हटलं, बाई, वाक्य संपलंय.

विश्वजीतची समजूत घाल, असं तुला सांगत नाय. त्याच्याशी मीच बोलणार. आहे तसाच जीव लाव.

तुझी आत्या

हर्सूल
३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तू नको म्हणालीस, तरी मी वाळूजला जाऊन आले. रागवायचं तर आधी पुढचं वाच.

दादा शिफ्टवरून आला होता. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. त्यानं मला आतली खोली दाखवली. तुझ्यासाठी रंगवलीय, फिकट हिरवी. दारावरची बेल दाबली की आत दिवा लागतो, तुला ऐकू नाही आलं तरी दिसावं म्हणून. ती त्यानं स्वतः बसवलीय. मग म्हणाला, की घराचं तो रागात बोलला. आई येणार म्हणून वर्षभर वाट पाहिली, आणि आता तिला आपली गरजच नाही, असं वाटलं.

आत्या, काकासाहेबांना हो म्हणच. पण आधी ती खोली जाऊन बघ. तो स्वतःहून तुला सांगायचा नाही.

आशीर्वादाची वाट पाहणारी,
प्रेरणा

कन्नड
१२ मार्च २०२५

चि. प्रेरणास, आम्हा दोघांचे आशीर्वाद.

आम्हा दोघांचे, हे लिहिताना हात जरा अडखळला, पण लिहिलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी एसटी धरून वाळूजला गेले. आठवडाभर राहिले. विश्वजीत दोन दिवस नुसता हूं हूं करत होता. तिसऱ्या दिवशी मी त्याला जवळ बसवून सांगितलं, की तू माझा आहेस ते काही कुणी वाटून घेत नाय. या खोलीत मी दर महिन्याला येईन, पण पाहुणी म्हणून. माझं बिऱ्हाड कन्नडलाच. तो रडला. मग चहा मीच केला.

परवा तुमच्या शहरात नोंदणी झाली. दहावीच्या परीक्षेची ड्युटी लागल्यानं तुला येता आलं नाय, म्हणून सांगते. काकासाहेबांच्या दोन्ही मुली आल्या. विश्वजीत येईल का नाय, मला खात्री नव्हती. नंबर लागायच्या आधी आला, नवा शर्ट घालून. साक्षीदार म्हणून सही केली.

नोंदणी करणाऱ्या साहेबांनी मला काहीतरी विचारलं. फार हळू बोलत होते, पंखा घरघरत होता, मला कळलं नाय. नेहमीसारखं काकासाहेबांनी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. विश्वजीतनं त्यांच्या हातावर हात ठेवून त्यांना थांबवलं. मग खुर्चीपाशी वाकून, माझ्या कानाशी तोंड आणून त्यानंच विचारलं, की आई, हे तू राजीखुशीनं करतेस ना?

मी म्हटलं, व्हय.

परीक्षा संपली की ये. गादी घालून ठेवते.

तुझी आत्या,
रत्नमाला