सिरीजचा बल्ब

उस्ताद, एवढ्या उशिरा लिहितोय, माफ करा. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, कागद पुढे घेतला की हात आखडतो. पण गेल्या आठवड्यात जे झालं ते सांगायला दुसरं कोणी सुचलं नाही.

आता मी लातूरला मुलाच्या फ्लॅटवर असतो. माझ्या लग्नात तुम्ही हातानं बनवून दिलेला अँप्लिफायर अजून आहे. सकाळी त्यावर बुद्धवंदना लागली नाही तर बायकोला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. एके सकाळी ती म्हणाली, "अहो, ह्याला हात लावला की झिणझिण्या येऊन राहिल्यात." मुलानं ऐकलं. "बाबा, घरात रांगतं लेकरू हाय. रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू. मी छोटा स्पीकर आणतो." त्याचं चुकलं असं कसं म्हणू? मी स्वतःच त्या दिवसापासून सेटजवळून जाताना नातीला कडेवर उचलूनच जात होतो. बायको मात्र म्हणाली, "तुम्हाला येतंय की नीट करायला." येत होतं. आता बोटं थरथरतात, आणि माझ्या हातून काही राहिलं तर धक्का कुणाला बसेल, हेच डोक्यात घोळत होतं.

मग तुमचं नांदेडचं दुरुस्तीचं दुकान आठवलं, मी हाताखाली शिकत होतो तेव्हाचं. चालू सेटवर मी वाकलोय, दोन्ही हात आत. मागून डोक्यात टपली बसते. "क्यों रे, दोन्ही हातांनी हार घालतोस का त्याला? डावा हात खिशात, नाहीतर करंट काळजातून जाईल." मी म्हणतो, "भीती वाटते उस्ताद." तुम्ही सोल्डरच्या धुरातून बघता आणि म्हणता, "लई चांगलं. असाच भीत राहा." त्या दिवशी मला राग आला होता. नंतर मी तुमचं दुकान सोडून निघालो तेव्हा तुम्ही तो सिरीजचा लाकडी बोर्ड दिलात, बल्बचं होल्डर बसवलेला. वीज आधी बल्बातून जाणार, मग सेटमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगत राहतो आणि सेट जळत नाही. सगळं ठीक असेल तर क्षणभर पेटून मंद होतो.

बोर्ड माळ्यावर सापडला, पण त्याला लागतो तो तारेचा जुना बल्ब लातुरात मिळेना. एक दुकानदार हसला, "आजोबा, तो आता कोंबडीच्या पिल्लांनाच लावतात." मग पिल्लंवाल्याकडे गेलो. त्यानं विचारलं, "किती पिल्लं हायेत?" मी म्हणालो, "एकच हाय, लई जुनं." त्यानं बल्ब दिला.

सेटची पिन काढून ठेवली, कंडेन्सरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत थांबलो, मग उघडला. वायर आत शिरते तिथलं रबर झडून गेलं होतं, आणि तडकलेली वायर सेटच्या पत्र्याला घासत होती. फ्लॅटवर आलो तेव्हा इथल्या भिंतीवरच्या सॉकेटला दोनच भोकं होती, म्हणून मुलानं प्लगची तिसरी पिन मोडली होती. आपल्याकडे सगळेच मोडतात. त्यामुळे अर्थिंगच नव्हतं. वर बायकोनं विणलेला रुमाल, हवेच्या भोकांवर घट्ट, त्यानं आत ऊब कोंडून रबर झडलेलं. मी वायर बदलली, नवं रबर आणि तीन पिनांचा प्लग बसवला. मुलानं वायरमन बोलावून सॉकेटला अर्थिंग करून घेतलं, आणि पिन मोडल्याचं स्वतःहून आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग रुमाल माझा आन् पिन तुझी, फिटलं."

शनिवारी सकाळी सेट तुमच्या बोर्डाला जोडून बटण दाबलं तेव्हा मुलगा मागे उभा होता. बल्ब भक्कन पेटला. मग तो हळूहळू मंद झाला, तारेत लाल रेघ राहील इतकाच. मुलगा म्हणाला, "म्हणजे ठीक?" मी टेस्टर पत्र्याला लावून दाखवला. तो पेटला नाही. भंगारवाल्याला त्यानं येऊ नको म्हणून सांगितलं. आता रुमाल घडी करून बाजूला असतो, आणि वंदना चालू असताना नात सेटसमोर बसून डोलते.

तरी मी रोज उलट्या हातानं पत्रा चाचपतो. वंदना संपेपर्यंत तो कोमट होतो. तेवढं चालतं ना उस्ताद? एवढंच लवकर कळवा. हे पत्र सेटखाली ठेवणार होतो, पण कागद आहे, गरम होईल, तुम्ही रागावाल. म्हणून खिशात ठेवलंय, डाव्या. खरं सांगायचं तर आवाज वाढवतानाही माझा तो हात अजून तिथंच असतो.