चार बादल्या पाणी

३ मार्च
ती. स्व. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

इथे कपडे रंगवणाऱ्या, चार देशांच्या चार कंपन्यांनी मिळून सांडपाणी शुद्ध करून परत वापरायचं ठरवलंय. गरम पाणी परत मिळालं तर कोळसाही वाचेल. ही मोट बांधायचं काम माझ्या गळ्यात पडलंय! पृथ्वी वाचवायला सगळे तयार. पण तुमच्या पाण्यात काय आहे विचारलं, की तोंडाला कुलूप. रंगाची कृती फुटेल म्हणतात. ते कळल्याशिवाय यंत्र कुठलं बसवू? तीस तारखेला शेवटची बैठक. फिसकटलं तर सांडपाणी जाणारच नदीत. त्यापायी काठावरच्या शाळेने आधीच विहीर बंद केलीय. चाळीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात काढलीत, काही सुचवा. मामींना नमस्कार.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
तुमची चिमणी

१२ मार्च
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता चहा गार झाला, म्हणून तुझी मामी आधी माझ्यावर आणि मग त्या चारही कंपन्यांवर घसरली. अगं वेडे, स्वयंपाक कसा करता हे विचारूच नकोस, खरकटं तेवढं माग. पाणी किती गरम, किती खारट, सोडा किती, एवढं पुरे. प्रत्येकाने एकेक बादली आणावी, वर नाव नको, खूण फक्त तळाशी, आणि सगळ्यांसमोर तपासावी.

एक सांगतो. आमच्या गिरणीचंही पाणी नदीतच जायचं. मला कळत होतं, पण नोकरीपायी मी तोंड उघडलं नाही. तू मात्र बोल.

तब्येतीला जप.
तुझा मामा

३१ मार्च
ती. स्व. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

जमलं! चकचकीत टेबलावर वर्तमानपत्रं पसरून चार बादल्या मांडल्या. मी शाळेच्या विहिरीचं सांगितलं. तुम्ही म्हणालात तशी बोलले. मग तपासणी. चारही पाण्यांत फरक जेमतेम उन्नीस-बीसचा. आपापली बादली ओळखा म्हटलं आणि तळाची खूण पाहिली, तर चौघांनीही दुसऱ्याचीच उचललेली! सगळ्यांत खडूस साहेबांना आधी हसू फुटलं. ते म्हणाले, की इतकी वर्षं आपण मीठच लपवत होतो. तासाभरात सह्या झाल्या.

ही युक्ती कोणाची, असं त्यांनी विचारलं. आमच्या रंगारी मामांची, म्हटलं. आता चारही कंपन्यांच्या कामगारांना तुमच्याकडून शिकायचंय. तुम्हाला न विचारताच मी हो म्हणून टाकलंय. रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा. दोन तिकिटं सोबत पाठवतेय.

वाट पाहणारी,
तुमची चिमणी