जरासं दुखतं

प्रिय चिमणे,

परवा फोनवर तू 'डाउनप्ले'चा अर्थ विचारलास आणि मी नंतर सांगते म्हणून टाळलं. एरवी शब्द विचारला की तुझी आई तासभर सोडत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तर ऐक. आहे ती गोष्ट मुद्दाम लहान करून सांगणं. खोटं बोलणं नव्हे; सांगायचं खरंच, पण त्यातलं वजन काढून घ्यायचं. धोका, चूक, दुखणं, स्वतःचं यश, सगळ्यांबाबत हे क्रियापद चालतं. लोक राईचा पर्वत करतात, तुझे बाबा पर्वताची राई करतात. करवतीने बोट कापलं तेव्हा सालपट निघालंय म्हणाले होते, आठवतं? सहा टाके पडले.

माझ्या कामात अशा माणसांची फार पंचाईत होते. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आपली भाषा येत नाही, म्हणून पेशंटचं बोलणं मी त्यांना इंग्रजीत सांगते. नियम एकच, पदरचं घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. पेशंट कण्हत कण्हत 'जरासं' म्हणाला तरी आपण जरासंच सांगायचं. वीस वर्षं मी हेच केलं, नव्या मुलींनाही हेच शिकवलं.

चार महिन्यांपूर्वी बाबांना तिथेच घेऊन गेले. पोटात जरासं दुखतं, तेही अधूनमधून, असं ते म्हणाले. मी तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. घरी ते भिंत धरून उठत होते, ताटातलं निम्मं टाकत होते, रंधा मारताना मध्येच खाली बसत होते. मला सगळं दिसत होतं गं. पण त्या खोलीत शिरले की मी कुणाची बायको नसते. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही घरी आलो. मी तोंड का उघडलं नाही, हे मला अजून कळत नाही.

दुखणं आता यकृतात पसरलंय. ऑपरेशनची वेळ निघून गेली, असं डॉक्टर गेल्या आठवड्यात म्हणाले, आणि ते वाक्य बाबांना आपल्या भाषेत मलाच सांगावं लागलं. ऐकून त्यांनी माझ्याच पाठीवरून हात फिरवला. तुझी परीक्षा होईपर्यंत तुला काही कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली आहे. फोनवर बोलताना ते शेजारी बसून राहतात, म्हणून हे पत्र. डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितले होते, त्यातला एक गेला. परीक्षा पुढच्या वर्षी देता येईल. पत्र मिळताच निघ.

तुझीच,
आई