पाच वाजताची पंगत

हार्लेम, हॉलंड, १२ जून २००६

प्रिय श्रीधर,

तुझ्याच घरी पाहुणी आलेली आई तुला पोस्टाने पत्र का धाडते, असं वाटेल तुला. फोनवर लेकीचं, ऋजुताचं नाव काढलं की तुला मीटिंग आठवते. कागदाला मीटिंग नसते, म्हणून लिहितेय. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर कोंबडीच्या पायांचं, तेव्हा सावकाश वाच.

आधी कबुली देते. मी भाचीकडे, मृदुलाकडे राहायला आलेय हे खोटं. तिने मला स्टेशनवर उतरवून घेतलं आणि सरळ तुझ्या लेकीच्या खोलीवर पोचवलं. मृदुलाला बोल लावू नकोस, मीच पढवली होती तिला. पोरीने इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून फ्रेंच खाणावळीत पळी हातात धरली, म्हणून तू आठ महिने तिच्याशी बोलत नाहीस. ती तरी कुठे बोलतेय म्हणा! मला नव्वद दिवसांचा व्हिसा मिळाला, त्यातले चाळीस तुझं फुगलेलं तोंड बघण्यात गेले.

काल तिने मला तिच्या खाणावळीत जेवायला बोलावलं. बिस्त्रो म्हणतात तिला. साडेसहाला ये म्हणाली, मी पाचलाच जाऊन धडकले. कुणाकडे जेवण असलं की चार भाज्या निवडायला आधी जायचं, ही माझी खोड काही जात नाही. दार ढकललं तर काय, स्वयंपाकघरातली सगळी माणसं खिडकीशी टेबल मांडून जेवतायत! मोठा आचारी, भांडी घासणारी बाई, तुझी लेक, सगळे एकत्र. मी मराठीतच झापलं, पाहुणे यायचेत अजून आणि तुम्हीच आधी हादडताय, लाज कशी वाटत नाही? ऋजुता हसून हसून लाल झाली. म्हणाली, आजी, इथे रांधणारे आधी जेवतात गं. तिचा आचारी अस्सल फ्रान्सचा, पोट असं की टेबल लांब सरकवावं लागतं. त्याने उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. ऋजुताने सांगितलं, तो म्हणतोय उपाशी आचाऱ्याच्या हातून मीठ जास्त पडतं. त्यावर मी खुर्चीत बसले. मी सहसा कुणी सांगितलं म्हणून बसत नाही हे तुला ठाऊक आहे. का बसले, ते शेवटी सांगते.

आता जेवणाचं ऐक. फळ्यावर खडूने चार-पाच पदार्थ लिहिलेले, बस. बाजारात जे आलं ते शिजवायचं, नाही आलं तर पुसून टाकायचं. मला हे पटलं. तुमच्या त्या सुपरमार्केटात बारा महिने टोमॅटो आणि बारा महिने बेचव. सध्या पांढऱ्या कोंबांचे दिवस आहेत. अ‍ॅस्परॅगस म्हणतात, शतावरीचे भाऊबंद म्हणे. तू झालास तेव्हा मी दुधातून शतावरी घ्यायचे, म्हणजे तूही त्यावरच पोसलास. बोटाएवढाले कोंब, सोलून उकडलेले, वर वितळलेलं लोणी, शेजारी नवे बटाटे. अंडं माझ्या ताटात येऊ दिलं नाही पोरीने, सूप हाडांच्या पाण्याचं म्हणून तेही लांब ठेवलं. नंतर स्ट्रॉबेरी आणि साय. लोणी जरा कढवायला हवं होतं, तसं मी ऋजुताकरवी सांगितलंही. आचाऱ्याने ऐकून घेतलं. बाईचं ऐकून घेणारा पुरुष बऱ्याच दिवसांनी बघितला.

मग मी आत स्वयंपाकघरात डोकावले. ऋजुता काही ढवळत होती आणि तळहातावर थेंब टाकून चाखत होती. ही माझी सवय. मी शिकवली नाही, सुट्टीत पुण्याला यायची तेव्हा ओट्याशी उभी राहून तिने आपणच उचलली. आचारी ओरडला, चमचा कशाला असतो? तर ही म्हणते, माझी आजी चाळीस वर्षं लग्नाकार्यात रांधायची, ती असंच चाखायची. भर स्वयंपाकघरात, मोठ्याने म्हणाली; अर्थ मी मागाहून तिच्याकडून काढून घेतला. तू इथल्या मित्रांना सांगतोस, आई घरीच असायची. मी ऐकते आणि चहा पिते.

आता त्या मिठाचं. तू अकरावीत होतास. तुझ्या वर्गातल्या अरुणच्या बहिणीचं लग्न होतं आणि स्वयंपाक माझ्याकडे. पहाटेपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आमटी खारट झाली. वाढपी कमी पडले म्हणून मीच बादली घेऊन बाहेर आले, तर पंगतीत तू मित्रांबरोबर बसलेला. तुझ्या शेजारचा म्हणाला, कोण रे ही आचारीण, समुद्र ओतलाय नुसता. सगळे हसले. तूही हसलास. मी तुझ्या पानापाशी आले तेव्हा तू मान खाली घालून भाताचं आळं करत बसलास. मी आमटी वाढली आणि पुढच्या पानाकडे गेले. इतकी वर्षं बोलले नाही. पोर होतास, लाजलास. माझ्यापुरतं ते तिथेच संपलं. पण आता पन्नाशीला आलेला बाप लेकीपुढे तशीच मान खाली घालून बसतो, हे मी चालवून घेणार नाही.

चोवीस जूनला कोंबांचा शेवटचा दिवस. त्यानंतर इथले लोक ते कापत नाहीत, मुळांना विसावा देतात. शनिवार आहे, तुझी मीटिंग नसते. आचाऱ्याला सांगून तुझी खुर्ची धरून ठेवलीय, साडेसहाची नव्हे, पाच वाजताची, रांधणाऱ्यांच्या पंगतीतली. शैलालाही आण, ती चोरून लेकीला फोन करते हे तुला सोडून सगळ्यांना माहीत आहे. आइंडहोवनहून गाडीने दोन तास लागतात. माफी मागू नकोस, भाषण तर नकोच. ऋजुता तुला वाढायला येईल. तेव्हा ताटातून मान वर कर, एवढंच.

तुझीच,
आई