केबलमुक्त घराचा पहिला महिना

सोमवार, ३ मार्च

निर्णय झाला. केबल बंद. आज जेवताना जाहीर केलं.

खरेदी विभागात बावीस वर्षं काढलेला माणूस तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय साबणसुद्धा घेत नाही. चार दिवस गुपचूप पाहणी केली. तक्ता सांगतो: चॅनेल दोनशे चाळीस, घरात प्रत्यक्ष बघितली जाणारी सहा. त्यातही एक अठ्ठ्याण्णव नंबरचं, ज्यावर काहीच लागत नाही. केबलवाल्याने आपल्या दुकानाच्या पाटीवर कॅमेरा बसवलाय आणि तो दिवसभर समोरचा चौक दाखवतो. नुसता चौक. माणसं येतात, माणसं जातात. माझे वडील, अण्णा, रोज संध्याकाळी पाच वाजता चष्मा पुसून हे बघायला बसतात. ब्याऐंशी वर्षांचं माणूस आणि बघतंय काय, तर रहदारी. केबलची गरज किती, हे यावरूनच कळतं.

इंटरनेटवरच्या सेवा आणि वर एक अँटेना, एवढ्यात काम भागतं. ऑफिसातल्या स्टोअरकीपरने एका दुपारात केलं म्हणे. तो करू शकतो तर प्रश्नच मिटला.

घरात उत्साह बेताचा. अण्णांना विचारलं का, असं हिने दोनदा विचारलं. लेक म्हणाली, तिला काय, ती सगळं फोनवरच बघते. हा पाठिंबा म्हणून नोंदवून घेतला.

बुधवार, ५ मार्च

केबलवाल्याला रीतसर पत्र दिलं. दोन प्रती, एकीवर पोच. नुसता फोन केला असता तरी चाललं असतं, असं त्याचं म्हणणं. तोंडी कारभारामुळेच सगळीकडे गोंधळ आहे.

पत्रातलं कलम चार मला स्वतःलाच आवडलं. 'कुटुंबातील कोणत्याही सदस्याने पुनर्जोडणीसाठी तोंडी विनंती केल्यास ती ग्राह्य धरू नये.' मोहाचा रस्ता आधीच बंद केलेला बरा. मोह म्हणजे हिचा. माझा प्रश्न नाही.

त्याने बॉक्स काढला, पत्र दोनदा वाचलं, अण्णांना वाकून नमस्कार केला आणि गेला.

या कामासाठी अर्धी रजा होती म्हणून मी घरीच. पाचला पाच मिनिटं कमी. अण्णा येऊन बसले. पडदा निळा. थोडा वेळ बसले, मग चष्मा काढून खोलीत गेले. सवय आहे, आठवड्यात सुटेल.

गुरुवार, ६ मार्च

तक्त्यात यायला हवी होती अशी एक माहिती हिने आज दिली.

अण्णांचे छापखान्यातले जोडीदार, आमचे टोपीवाले काका, त्याच चौकात दुसऱ्या मजल्यावर राहतात. रोज पाचच्या ठोक्याला ते खाली उतरतात, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी उभे राहतात, कॅमेऱ्याकडे बघून टोपी उचलतात आणि परत वर जातात. इकडे अण्णा हात वर करतात. काकांना तो दिसत नाही, तरी करतात. चार वर्षं हे चालू आहे.

फोनवर दोघांनाही ऐकू येत नाही. गेल्या वर्षी ही अण्णांना गाडीतून त्यांच्याकडे घेऊन गेली होती. अर्ध्या तासात दोघांची जुंपली. चाळीस वर्षांपूर्वी एका पुस्तकात सोळा पानं उलटी लागली होती, त्यात चूक कोणाची यावरून. तेव्हापासून टोपीवरच बरं चाललंय म्हणे.

मला हे कोणी कधी सांगितलं नाही. ही म्हणाली, पाच वाजता मी घरी नसतो, आणि सुट्टीच्या दिवशी असतो तेव्हा मीच बोलत असतो.

असो. अडचण काहीच नाही. जगातला कुठलाही चौक आज इंटरनेटवर दिसतो. अण्णांना शब्द दिला, आठ दिवसांत तुमचा चौक परत. त्यांनी मान हलवली. ऐकू आलं असावं.

शनिवार, ८ मार्च

आज प्रत्यक्ष कामाला हात घातला. तीन सेवा घेतल्या. रिमोटवरून एकेक अक्षर निवडत पासवर्ड टाकायचा असतो. पहिल्याला वीस मिनिटं लागली, दुसऱ्याला पंचवीस. हात बसत चाललाय.

संध्याकाळी समजलं की हिची पोलीस तपासाची मालिका चौथ्याच सेवेवर आहे. चौथी घेतली. तरी दोनशे चाळीसवरून चारवर आलो, हे कोणी लक्षात घेत नाही. खर्च आता केबलपेक्षा जास्त होतो का, असं लेकीने विचारलं. प्रश्न तत्त्वाचा आहे.

रविवार, ९ मार्च

चौक इंटरनेटवर नाही. तो केबलवाल्याचा खाजगी कॅमेरा आहे, त्याच्याच तारेतून जातो. अत्यंत मागासलेली पद्धत.

पण हार मानणारे आम्ही नव्हे. शोधता शोधता एका परदेशी बंदराचा कॅमेरा सापडला. चोवीस तास थेट. चित्र इतकं स्वच्छ की पक्ष्यांच्या चोची दिसतात. पाच वाजता अण्णांना समोर बसवलं. जहाजं किती मोठी, दोर किती जाड, सगळं समजावून सांगितलं. अण्णांनी अर्धा तास नीट बघितलं. मग म्हणाले, "छान आहे. पण इथे ओळखीचं कोणी नाही."

उद्यापासून त्यांना हळूहळू ओळखी होतील.

बुधवार, १२ मार्च

अँटेना आला. खिडकीबाहेरच्या सळईला स्वतः बसवला. कारागीर बोलवायची गरज पडली नाही. बोटाला थोडंसं लागलं. डॉक्टर म्हणाले, टाका नको.

पाच चॅनेल येतात. एक हवामान, एक मुंग्यांसारखं, बाकी तीन दिसण्याच्या बेतात आहेत. कोणी डावीकडच्या खिडकीशी उभं राहून अँटेनाला हात लावला तर बातम्या उत्तम येतात. त्यासाठी पाळीपत्रक करून फ्रिजवर लावलं: ही सात ते साडेसात, लेक साडेसात ते आठ. मी पर्यवेक्षणाला.

शुक्रवार, १४ मार्च

आठ दिवस काल झाले. अण्णांना सांगितलं की काम प्रगतिपथावर आहे. त्यांनी विचारलं नव्हतं.

फ्रिजवरचं पाळीपत्रक सापडत नाही.

रविवार, १६ मार्च

मोठा शोध. अँटेनावर कावळा येऊन बसला की चित्र एकदम स्वच्छ होतं. आज दुपारी सव्वातीन ते तीन वाजून बावीस मिनिटं आम्ही सर्वांनी एका धरणाविषयीचा कार्यक्रम विनाअडथळा बघितला. ही हसत होती. कार्यक्रम गंभीर होता.

कावळ्यासाठी पावाचे तुकडे ठेवलेत. बसल्या बसल्या तो तारही टोचतो, हा दोष आहे. बघू.

मंगळवार, १८ मार्च

चौकाचा प्रश्न निकाली काढायचं ठरवलं. युक्ती साधी: ऑफिसातून येताना स्वतः चौकात जायचं, काकांनी टोपी उचलली की फोनवर व्हिडिओ घ्यायचा, घरी मोठ्या पडद्यावर दाखवायचा. हे पहिल्याच दिवशी का सुचलं नाही, असं ही म्हणाली. कल्पनेला पिकायला वेळ लागतो.

बुधवार, १९ मार्च

ऑफिस साडेपाचला सुटतं, हे योजनेत धरायचं राहिलं. सहाला चौकात पोचलो. काका अर्थातच नव्हते. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून टपालपेटीचा व्हिडिओ घेतला. चारी बाजूंनी.

अण्णांनी तो पूर्ण बघितला. पेटीला नवा रंग दिलाय वाटतं, एवढंच म्हणाले. चित्राचा दर्जा किती चांगला आहे हे यातून सिद्ध होतं.

शुक्रवार, २१ मार्च

अण्णांनी आपली खुर्ची टीव्हीकडून खिडकीकडे फिरवली. समोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे आणि तिच्यावर पाण्याचे पाइप. तरी बसतात. टीव्हीचं व्यसन सुटून मन बाहेर रमायला लागलं, हा केबलमुक्तीचा मोठा फायदा. तक्त्यात चढवला.

हिच्याशी बोलणं कमी झालंय. तिची मालिका पाच भागांनंतर 'तुम्ही अजून बघताय का?' असं विचारते. ती म्हणाली, घरातल्या माणसांपेक्षा हे यंत्र बरं, निदान विचारतं तरी.

रविवार, २३ मार्च

संध्याकाळी पाच. मी स्टुलावर उभा राहून तारेला चिकटपट्टी लावत होतो. कावळ्याने शेवटी तोडलीच. अण्णा मागे येऊन उभे राहिले.  मग हळूच म्हणाले, "तो बरा असेल ना रे?"

मी म्हणालो, असणारच, काय धाड भरलीये. ते म्हणाले, असंच असेल. आणि परत खिडकीशी जाऊन बसले.

स्टुलावरून उतरलो. पट्टी हातातच राहिली. वाईट वाटलं. इथे दुसरं कोणी वाचत नाही म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं. शब्द देऊन सतरा दिवस झाले, आणि या सतरा दिवसांत मी म्हाताऱ्याला एक बंदर आणि एक पत्र्याची पेटी दाखवली.

लगेच केबलवाल्याला फोन लावला. पुन्हा जोडून दे म्हणालो. तो नम्रपणे म्हणाला, "साहेब, कलम चार. तोंडी विनंती ग्राह्य नाही." मी म्हणालो, कलम मीच लिहिलंय. तो म्हणाला, हो, पोच आहे माझ्याकडे.

सोमवार, २४ मार्च

पत्र दिलं. विषय: दि. ५ मार्चच्या पत्रातील कलम ४ शिथिल करण्याबाबत. सोबत मूळ पत्राची प्रत. त्याने पोच दिली, उद्या येतो म्हणाला. केबलचा हा पुनर्विचार तात्पुरता आहे, असं घरी स्पष्ट केलं. कोणी वाद घातला नाही. लेकीने अँटेनाच्या सळईवर कपडे वाळत घातलेत.

मंगळवार, २५ मार्च

दुपारी जोडणी झाली. मी अर्धी रजा टाकून घरी. असा क्षण प्रमुखाशिवाय कसा व्हायचा? अण्णांना चष्मा पुसून दिला, खुर्ची फिरवली, अठ्ठ्याण्णव लावलं. चौक. टपालपेटी, खरंच नवा रंग. पाच वाजले. पाच वाजून पाच. सव्वापाच.

काका आले नाहीत.

अण्णांचा हात मांडीवरून जरासा उचललेला होता, तो तसाच राहिला होता. हिने येऊन तो खाली ठेवला. मी कॅमेऱ्याच्या कोनाविषयी काही बोलायला लागलो, तर हिने माझ्याकडे बघितलं. कोन राहू दिला.

बुधवार, २६ मार्च

आज पुन्हा नाही, असा हिचा ऑफिसात फोन आला. साडेपाचला ऑफिसातून निघालो तो सरळ काकांकडे. दोन जिने चढताना धाप लागली. वाटेत नको नको ते मनात आलं.

काकांनी स्वतः दार उघडलं. ठणठणीत. डोक्यावर टोपी. हायसं वाटलं, मग थोडा रागही आला. ओरडून ऐकू येईना, म्हणून कागदावर लिहून विचारलं, खाली का येत नाही? त्यांनी आधी माझ्या दोन चुका पेनने दुरुस्त केल्या. मग म्हणाले, केबलवाल्याने सांगितलं, तुमच्याकडची तार काढून टाकली. तरी तीन-चार दिवस उतरलो. मग सोडलं.

"गुडघे राहिले नाहीत माझे. दोन जिने उतरायचे ते तो बघतोय म्हणून. पेटीला टोपी दाखवायला कोण उतरतं?"

कागद परत पुढे ओढला. तार पुन्हा जोडली आहे, एवढं लिहिलं. खाली 'क्षमस्व' लिहिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. ती पानं उलटी लागली त्यात चूक तुझ्या बापाचीच होती, असं जाताना सांगितलं. उद्या पाच वाजता येतो म्हणाले.

गुरुवार, २७ मार्च, सायंकाळी सात

पुन्हा अर्धी रजा. एवढं बिघडलेलं मी दुरुस्त करणार, तर शेवटपर्यंत जातीने उभं राहायला हवं. पावणेपाचला काकांकडे गेलो. कोपर धरून दोन जिने उतरवले. पेटीपाशी कुठे उभं राहायचं, मान किती वर, टोपी कोणत्या हाताने, सगळं हातवारे करून नीट समजावलं. ते चार वर्षं हेच करतात, हे मला ठाऊक आहे. पण आज काही चुकायला नको होतं.

बरोबर पाच. काकांनी टोपी उचलली. तिकडे सगळं घर बघत असणार, या विचाराने मला राहवलं नाही. मी दोन पावलं पुढे झालो, कॅमेऱ्याकडे बघून दोन्ही हात हलवले, मग बोटाने मागे काकांकडे दाखवलं. समोरून केबलवाला दुकानाच्या दारात येऊन हात बाजूला, बाजूला असं करत होता. तोही आनंदात दिसला. मी त्यालाही हात केला.

काकांना वर सोडलं. घरी पोचेपर्यंत पावणेसात. अण्णा खुर्चीतच होते, चेहरा उजळलेला. विचारलं, दिसले का काका?

अण्णा म्हणाले, टोपी दिसली. तुझ्या डोक्यामागून वर आली तेवढी. बाकी पडदाभर तूच होतास.

मग त्यांनी माझा हात धरला आणि थोपटला, लहानपणी थोपटायचे तसा. म्हणाले, "खूप धावपळ केलीस. उद्या तू आपला ऑफिसला जा."

उद्याची अर्धी रजा रद्द केली.