दस्तगीरदादा, फ्लेक्सवर तुझं नाव दत्ता आहे

प्रिय दस्तगीरदादा,

उद्या सकाळी माझा जबाब आहे. जबड्याच्या तारा परवा काढल्या. बोलता येतं, पण तोंडात चिंचोके धरल्यागत. जायच्या आधी तुला सांगावं वाटलं. तसा मी कुठं जाताना तुला कधी सांगितलंय म्हणा! एक जत्रा उठली की खेळण्यांचं गाठोडं उचलायचं आणि दुसऱ्या जत्रेला. तू मागून फोन करायचास, "पांड्या, जिता हायस का?" आता हे मीच तुला विचारायची वेळ आणलीस.

गावाच्या कमानीवर तुझा फ्लेक्स लागलाय. 'हुतात्मा दत्ताभाऊ, तुमचं रक्त वाया जाणार नाही.' फोटो मामाच्या पोरीच्या लग्नातला. दाढी पुसून टाकलीय आणि कपाळाला मोबाईलवरच गंध लावलंय, तेही तिरकं. तू हसतोयस. बघितलं असतंस तर खरंच हसला असतास.

दत्ता कोण रे?

तुझ्या आधी आईची दोन लेकरं गेली. तू पोटात असताना ती गावच्या पीराला बोलली, हे जगू दे, तुझंच नाव ठेवते. तू जगलास. मग दर मोहरमात तुला फकीर करायची. हिरवा सदरा, गळ्यात झोळी, आणि पाच घरचं मागून आणायचं. मला तुझा लई हेवा वाटायचा. मी साधा पांडुरंग, मला कुणी काही देत नव्हतं. आप्पाची आई तर तुझ्या झोळीत गुळाचा खडा टाकून पाया पडायची, तू एवढासा असताना! आज फ्लेक्स लावणारा आप्पा तो हाच. गावातल्या पोरांचा पुढारी झालाय.

सातवीत गुरुजी म्हणाले होते, दाखल्यावर दत्तात्रय करून टाकू, पुढं बरं पडंल. आई शाळेत धावत आली. "गुरुजी, नाव टाकलं तर लेकरू टाकावं लागंल मला!" तेव्हापासून तुझ्या डोक्यात ते बसलं. नाव टाकलं की आपण मरणार. ज्याला जो धर्म, जे नाव हवं ते या देशात घेता येतं, असा एक धडा नागरिकशास्त्रात होता म्हणतात. तिथवर मी पोचलोच नाही, शाळाच सोडली. तू पोचला होतास. काय उपयोग झाला?

त्या दिवशी तुझ्या टेम्पोत माझी खेळणी भरून आपण अणदूरच्या जत्रेला निघालो होतो. तू तेरखेड्याचं सांगत होतास, की तिथं फटाके वळणाऱ्या बायांची बोटं कशी काळी पडतात आणि भाकरीला दारूचा वास येतो. आपणही फटाक्याचं दुकान टाकू म्हणालास. मी म्हणालो, माझं एक बोट गेलं तर पिपाणी कशी वाजवू? कुठून कुठं चाललोय बघ मी. सांगायचंय ते फाट्याचं.

कुण्या पोरानं मोबाईलला काहीबाही स्टेटस ठेवलं होतं आणि तालुका तापला होता. फाट्यावर दहाबारा जण गाड्या अडवून नावं विचारत होते.

"नाव काय रं?"

"पांडुरंग."

"हो कडंला. अन् तू रं, दाढीवाल्या?"

तू माझ्याकडं बघितलंस. दादा, दत्ता म्हणायचं होतंस ना! दोन अक्षरं! आई कुठं ऐकायला होती? पीर कुठं ऐकायला होता? तू सरळ सांगितलंस, "दस्तगीर."

"दाढी बघूनच वळखलं म्या!"

मी ओरडलो, "आरं आमी सख्खं भाऊ हाव! हिंदूच हाव!"

"व्हय का? मार खायच्या टायमाला समदेच हिंदू असत्यात!"

सगळे खदाखदा हसले. मग गज माझ्या जबड्यावर बसला आणि मला पुढं बोलता आलं नाही. बघता आलं. तू पडल्यावरही ते मारत होते. एकानं तेवढ्यात टेम्पोतलं शिट्ट्यांचं पाकीट खिशात घातलं, घरी लेकरू असंल त्याचं. तू हलायचा थांबलास तेव्हा एकानं तुझा पायजमा ओढून बघितला.

"आयला, आपलाच निघाला की ह्यो."

"चूक झाली राव."

चूक! दादा, या शब्दानं माझं डोकं फिरलंय. कोणती चूक? माणूस मारला ती? ती नव्हे. तुझी सुंता झालेली असती तर चूक झालीच नसती. सगळं बरोबर झालं असतं आणि ते घरी जाऊन जेवले असते. तुला मारल्याचा पस्तावा त्यातल्या एकालाही नव्हता. माल चुकीच्या पत्त्यावर गेला, एवढंच.

ते पळाले. त्यांच्यातला एकही तुला उचलायला थांबला नाही. थांबला तो आपल्या पीराच्या मुजावराचा रहीम. पिकअपमध्ये कांदा घेऊन मागून येत होता. अर्धा कांदा रस्त्यावर ढकलून त्यानं तुला जागा केली. सिव्हिलला नेईपर्यंत तुझं डोकं मांडीवर घेऊन मी मागं, आणि तो गाडी चालवत मोठ्यानं रडत होता. दवाखान्यात त्याच्या सदऱ्याला तुझं रक्त होतं आणि त्याचं नाव रहीम होतं. पोलिसांना आणखी काय लागतं? तिथूनच नेला. तक्रार आप्पानं दिली. मी लिहून देतो अशी हातानं खूण केली, तर हवालदार म्हणाला, "आधी बरा हो, घाई काय?" घाई मला नव्हती. रहीमला होती.

तुझ्या तेराव्याला सगळा पंचक्रोशीचा गोतावळा जमला. तोंड बांधलेलं, तरी मी बुंदी वाढत होतो. तिसऱ्या पंगतीत तो बसला होता. पायजमा ओढणारा. 'दत्ताभाऊ अमर रहे'च्या घोषणेत त्याचाच आवाज सगळ्यात मोठा होता. आईच्या पाया पडला, "मावशी, आमी हाव तुमची पोरं," म्हणाला. मग माझ्यापुढं पत्रावळ सरकवून, "वाढ की भावा, हात आखडू नको." मी वाढली. दोनदा वाढली! त्यानं मला ओळखलं नाही, की ओळखूनच आला होता, देव जाणे. शेजारचा हसत होता, "ए सोन्या, बेंबळीला घेऊन जातो का समदी?" नाव कळलं, गाव कळलं. बुंदी संपली.

आप्पालाही ठाऊक आहे. काल येऊन ओट्यावर बसला. "पांडू, झालं ते झालं. पोरं आपली हायत, भडकली. तू फक्त रहीमचं नाव घे. गाव तुमच्या मागं हाय. न्हाय घेतलं तर मग गाव मागं न्हाय, समोर असंल. कळतंय ना?"

मला वाटलं, आई आता त्याला चपलेनं हाणणार. तिनं चहा टाकला.

तो गेल्यावर म्हणाली, "घे रहीमचं नाव."

मी आप्पाचा कप उचलता उचलता तिच्याकडं बघितलं.

"बघतोस काय? त्याच्या मायला तीन पोरं हायत. मला एकच राहिलंय."

दादा, तिचा तू इतका लाडका! रहीमची आई तुला दर उरुसाला ताटभर मलिदा वाढायची, आणि आपली आई अंगणात बसून तिची पोरं मोजते. मी म्हणालो, "अगं, तो रडत होता गाडीत." ती म्हणाली, "रडू दे. जिता हाय, म्हणून रडतोय." मग भाकरी थापायला बसली.

मला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. मला ती खरी वाटली, याचंच भ्या वाटतंय.

तरी ऐक. उद्या मी रहीमचं नाव घेणार नाही. सोन्याचं घेणार, आप्पा ओट्यावर काय बोलला तेही सांगणार, जबडा पुन्हा निखळला तरी. टेम्पो जाळतील, जाळू देत. गाठोडं घेऊन कुठं पळून जाणार नाही.

आणि रहीम सुटला की त्याला आधी आपल्या घरी आणणार. आईच्या पुढ्यात बसवणार. तिला त्याला भाकरी वाढायला लावणार आणि तिला त्याच्या तोंडाकडं बघायला लावणार, तो जेवून उठेपर्यंत. तू असतास तर म्हणाला असतास, "जाऊ दे रं पांड्या, आई हाय ती."

मी जाऊ देणार नाही, दादा.

तुझा पाठचा,
पांडू